गुळाचा खडा, रात्रीची बाटली आणि नातवाचे दात

वाचकाचे पत्र

"मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. घरात आम्ही दोघे, थोरला मुलगा, सून, धाकटा मुलगा आणि दोन नातवंडे असे एकत्र राहतो. नातू साडेतीन वर्षांचा आहे आणि नात आठ महिन्यांची. नातवाचे वरचे पुढचे चारही दात तपकिरी पडून कडेने तुटू लागले आहेत आणि खालची एक दाढ दुखते. दाढेचे रूट कॅनाल करून कॅप बसवावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून सूनबाईंनी घरात गूळ, बिस्किटे, चॉकलेट सगळेच बंद केले आहे. रोज सकाळी नातवाला गुळाचा खडा देण्याचा माझा परिपाठ होता, त्यावरून घरात शब्दाला शब्द लागला. आम्ही गुळावरच वाढलो आणि आज बहात्तराव्या वर्षीही माझे दात शाबूत आहेत. नातवाच्या वडिलांचे दातही लहानपणी किडलेले होते, तेव्हा हे आनुवंशिकच असावे असे मला वाटते. सूनबाई मला दोष देतात, आणि माझी पत्नी म्हणते की सुनेने रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवले म्हणून हे झाले. खरे कोणाचे? आणि जे दात पडणारच आहेत त्यांच्यावर एवढा खर्च करावा का? नातवाच्या दिवसभराच्या खाण्याचा तक्ता सोबत जोडला आहे."

उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तक्ता जोडण्याची शिक्षकी शिस्त आपण दाखवली, त्याबद्दल आधी आपले आभार, कारण आपल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्या तक्त्यातच आहे. सकाळी आजीच्या चहात बुडवलेली खारी, अंघोळीनंतर आपल्या हातचा गुळाचा खडा, बालवाडीच्या डब्यात क्रीमचे बिस्किट, दुपारी झोपताना साखर घातलेले दूध, चार वाजता धाकट्या काकाने आणलेले चॉकलेट, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना रंगीत गोळी, रात्री झोपताना दोन चमचे साखर घातलेली दुधाची बाटली आणि मध्यरात्री रडला तर पुन्हा तीच. यात दोन वेळची जेवणे धरलेली नाहीत. प्रत्येक वेळी देणारे माणूस बहुधा वेगळे आहे, आणि प्रत्येकाच्या हिशेबी त्याने मुलाला दिवसातून एकदाच, तेही थोडेसेच गोड दिले आहे. मुलाच्या तोंडाच्या हिशेबी मात्र ते दिवसाकाठी आठ वेळा झाले. एकत्र कुटुंबातल्या लहान मुलांच्या दातांची गोष्ट मला पुष्कळदा अशीच दिसते. कोणी एक जण अति करत नाही, आणि बेरीज कोणीच करत नाही.

ही बेरीज का महत्त्वाची, ते थोडे सविस्तर सांगतो. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर सतत तयार होत असतो. त्यातले काही जिवाणू साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडातील आम्लतेचे माप, म्हणजे पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक), साधारण ५.५ च्या खाली उतरले की दातावरील कठीण आवरणातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही अंशी परतही बसवते, पण त्यासाठी तिला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दिवसातून दोन-तीनदा गोड खाणाऱ्या मुलाच्या तोंडात लाळेला हे काम पुरे करायला मधले अनेक तास मिळतात, तर दर दीड-दोन तासांनी काहीतरी गोड चघळणाऱ्या मुलाच्या तोंडात ते काम कधीच पुरे होत नाही. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, या दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. १९४० च्या दशकात स्वीडनमधील व्हिपेहोम या बौद्धिक दिव्यांगांच्या रुग्णालयात झालेल्या प्रयोगातून हे ठळकपणे पुढे आले. रुग्णांच्या संमतीशिवाय त्यांना मुद्दाम चिकट मिठाई खाऊ घालणारा तो प्रयोग आज कोणीही योग्य म्हणणार नाही, परंतु जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेली चिकट मिठाई दातांना कितीतरी अधिक घातक असते, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

आता गुळाकडे येतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो या जिल्ह्याचा अभिमान आहे आणि त्याच्याविरुद्ध लिहिताना माझाही हात थोडा अडखळतो. तरीही सांगावेच लागते की गूळ हा मुख्यतः साखरच आहे. त्यात लोह आणि काही खनिजे असतात हे खरे, पण म्हणून जिवाणू त्याला वगळत नाहीत. उलट खडा चघळताना तो दाढांच्या खोबणीत बसून राहतो, त्यामुळे चहातल्या साखरेपेक्षा त्याचा मुक्काम लांबतो. काकवी आणि मध यांनाही हेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अन्नात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध आणि फळांचे रसही मोजले आहेत, आणि अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्य झाल्यास ५ टक्क्यांपेक्षाही कमी असावी असे म्हटले आहे.

मग आपले दात कसे शाबूत राहिले? आपल्या लहानपणी गूळ होता, पण तो बहुधा भाकरीबरोबर, पाहुण्याला पाण्याबरोबर किंवा सणाच्या पुरणात होता. पाकीटबंद बिस्किटे दिवसभर हाताशी नव्हती, दुकान हाकेच्या अंतरावर नव्हते, आणि बाटलीतून साखरेचे दूध पीत झोपण्याची पद्धतही फारशी नव्हती. आपण गुळावर वाढलात हे खरेच आहे, फक्त आपण ठरलेल्या वेळी वाढलात. शिवाय आपल्याबरोबरच्या ज्यांना पन्नाशीतच कवळी लावावी लागली, त्यांचे उदाहरण अशा चर्चेत कोणी देत नाही.

आनुवंशिकतेचा आपला मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. दातावरील आवरणाची जडणघडण, दाढांवरील खाचांची खोली, दातांची दाटी, लाळेचे प्रमाण या गोष्टींत काही वाटा जन्मजात असतो, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतूनही तो दिसून आला आहे. परंतु हा वाटा फार तर कोणाचे दात लवकर बळी पडतील एवढे ठरवतो. साखर वारंवार मिळाल्याशिवाय किडीला सुरुवात होत नाही, आणि साखर कोणी कोणाला जन्मतः देत नाही. ज्या घरात वडिलांचे दात किडले त्याच घरात मुलाचेही किडतात, तेव्हा दोघांना एकच स्वयंपाकघर, चहाची एकच वेळ आणि दात घासण्याची, किंवा न घासण्याची, एकच सवय मिळालेली असते. आणि दात खरोखरच जन्मजात नाजूक असतील, तर त्या घराने अधिक काळजी घ्यायला हवी. "आमच्या घराण्याचे दातच असे" हे वाक्य मात्र बहुतेक घरांत काळजी सोडून देण्यासाठी वापरले जाते.

घराकडून मुलाकडे आणखी एक गोष्ट जाते, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा किडीशी निगडित असलेला प्रमुख जिवाणू प्रामुख्याने मोठ्यांच्या लाळेतून बाळाच्या तोंडात येतो, आणि त्यातही जे माणूस बाळाला सर्वाधिक भरवते त्याच्याकडून. दूध फार गरम नाही ना, हे पाहायला आजी चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावते आणि तोच बाळाच्या तोंडात देते, घास चावून मऊ करून भरवला जातो, खाली पडलेली चोखणी आई पटकन स्वतःच्या तोंडात घालून स्वच्छ करते. या सगळ्यामागे मायाच असते, म्हणून याला दोष म्हणवत नाही. पण चमचा वेगळा ठेवणे आणि दुधाचा थेंब मनगटावर टाकून ऊब पाहणे यात मायेत काही कमी पडत नाही. यापुढे जाऊन नातवंडांचे मुके घेणे बंद करा, असे मी मुळीच सांगणार नाही. जिवाणू आज ना उद्या कोणत्या तरी वाटेने येतातच. ते किती लवकर येतात, किती संख्येने येतात आणि आल्यावर त्यांना साखरेचा खुराक किती मिळतो, यावर पुढचे अवलंबून असते. म्हणून घरातील मोठ्यांच्या तोंडातील किडलेले दात दुरुस्त करून घेणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग समजावा. सूनबाईंची एखादी दाढ बाळंतपणापासून "नंतर बघू" म्हणून राहिली असेल, तर ती आता दाखवावी. बाळंतपणानंतर बाईच्या स्वतःच्या दुखण्याला घरात सगळ्यात शेवटचा क्रमांक मिळतो, हे मी वेगळे सांगायला नको. घरात कोणी मिसरी लावत असेल, तर ते बोट नातीच्या शिवशिवणाऱ्या हिरड्यांना चुकूनही लागू देऊ नये. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे.

रात्रीच्या बाटलीविषयी आपल्या पत्नीचे निरीक्षण बरोबर आहे, दोषारोप मात्र बरोबर नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि गिळण्याची क्रियाही मंदावते. बाटलीतून थेंबथेंब येणारे गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, तर खालचे पुढचे दात जिभेखाली झाकले जाऊन बचावतात. आपल्या नातवाचे नेमके वरचेच चार दात गेले आहेत, ही रात्रीच्या बाटलीची जवळजवळ सहीच आहे. पण दिवसभर घरचे सगळे पाहून रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाला उगी करण्याचे काम एकट्या सूनबाईंकडेच असेल, तर त्यांनी हाताशी असलेला सगळ्यात सोपा उपाय केला, यात नवल ते काय? आपल्या पत्रात नातवाच्या वडिलांचा उल्लेख फक्त त्यांच्या लहानपणच्या किडक्या दातांपुरता येतो. पुढचे पंधरा दिवस रात्रीचे उठणे त्यांनी आपल्याकडे घ्यावे, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. त्या पंधरवड्यात बाटलीतली साखर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा चमचा कमी करत शून्यावर आणावी, मग दुधात पाणी वाढवत न्यावे, आणि शेवटी रात्री फक्त पाणी द्यावे, तेही पेल्यातून. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. त्या रात्री घरातल्या कोणीही "दे बाई एकदाची" असे म्हणू नये, कारण एका रात्रीची माघार पुढच्या चार रात्रींना पुरते. दिवसा, जागेपणी, बिनसाखरेचे दूध पेल्यातून जरूर द्यावे. दूध दातांचा शत्रू नाही, आणि गंगावेशीचा दूध कट्टा असलेल्या गावात तसे म्हणण्याची माझी छातीही नाही.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग खर्च कशाला, हा प्रश्न अगदी शिकलेल्या घरांतही विचारला जातो. पुढचे दात साधारण सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकणे अपेक्षित असते. म्हणजे आज दुखणाऱ्या दाढेला अजून किमान सहा-सात वर्षे चावायचे काम आहे. ती तशीच ठेवली तर मूल एकाच बाजूने खाते, कडक पदार्थ टाळते, रात्री दुखून झोपमोड होते आणि वजन वाढण्यावरही परिणाम होऊ शकतो. जंतुसंसर्ग मुळापर्यंत गेला तर त्याखाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. दाढ काढून टाकली तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि कायमच्या दाताला जागा अपुरी पडते. म्हणून डॉक्टरांनी सुचवलेले रूट कॅनाल आणि कॅप हा डामडौल नाही, तो करून घ्यावा. पुढच्या दातांवर किती किड आहे त्यानुसार सिमेंट भरणे, छोट्या कॅप लावणे किंवा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून किड थांबवणे असे पर्याय असतात. या शेवटच्या उपायाने किडलेला भाग काळा पडतो. ते दिसायला बरे नाही, पण इंजेक्शन आणि यंत्राशिवाय काम होते, आणि घाबरणाऱ्या लहान मुलासाठी ही मोठी सोय आहे.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, चौकशी करावी. हातकणंगले तालुक्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जी तपासणी होते, तिच्यात दातही पाहिले जातात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, एवढे शेजारीपाजारीही सांगावे. मात्र रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून अळ्या काढून दाखवणारे कोणी दारात आले, तर त्यांना वाटेला लावावे. दातात अळ्या नसतातच. आणि मुलाच्या गालावर सूज आली, ताप आला किंवा हिरडीवर पुवाची पुळी दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आता घरातील तहाविषयी. सूनबाईंनी सगळे गोड एकदम बंद केले आहे. त्यामागची भीती मला समजते, पण सात माणसांच्या घरात संपूर्ण बंदी टिकत नाही. ती चोरून मोडली जाते, आणि आजोबांनी पाठ वळताच खिशातून दिलेला खडा मुलाला दुप्पट गोड लागतो. त्याऐवजी गोडाची वेळ एकच ठरवावी, दुपारच्या जेवणासोबत किंवा जेवण संपताच. त्या वेळी तोंडात लाळ भरपूर असते आणि नुकसान सर्वात कमी होते. गुळाचा खडाही तेव्हाच द्यावा, चघळण्यासाठी नव्हे तर पोळीत किंवा भाकरीत कुस्करून, आणि तो आपणच द्यावा, म्हणजे आपला मानही राहील. बाकी सर्वांनी, विशेषतः धाकट्या काकांनी, आणलेला खाऊ थेट मुलाच्या हातात न देता एका डब्यात टाकावा आणि तो डबा आपल्या ताब्यात असावा. मधल्या वेळेला काकडी, गाजराचा कीस, ताजे फळ, पनीर, ताक, भाकरीचा तुकडा असे काही चालेल. शेंगदाणे आणि फुटाणे या वयात अख्खे देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते. कूट करून द्यावेत. पुरणपोळीच्या दिवशी ताटात पुरणपोळी असावीच, तिच्यावर कोणी डोळे वटारू नयेत.

याहून महत्त्वाचे एक काम मी आपल्यावर सोपवतो, कारण घरात संध्याकाळनंतर निवांत असलेले माणूस आपणच दिसता. रात्रीचे दात घासणे आपण आपल्याकडे घ्या. साडेतीन वर्षांच्या मुलाला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मोठ्याने घासून द्यावे लागतात. दिवाणावर मांडी घालून बसावे, नातवाचे डोके मांडीवर, चेहरा वर, असे त्याला आडवे झोपवावे. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ अलगद उचलावा, म्हणजे हिरडीलगतची दाताची कड दिसते. तिथेच किडीची सुरुवात होते. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, म्हणून नळीवर १००० पीपीएम (हे फ्लोराइडचे प्रमाण) असे लिहिलेले आहे का, ते चष्मा लावून वाचावे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला लहान गोलाकार फिरवत दोन मिनिटे घासावे, दाढांच्या वरच्या खोबणी विसरू नयेत. नंतर मुलाने फक्त थुंकावे, पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहते. त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. सकाळी हेच काम वडिलांनी करावे. मीठ, कोळसा, राखुंडी यांपैकी काहीही त्या दातांना लावू नये.

आठ महिन्यांच्या नातीच्या बाबतीत आपले कुटुंब अजून वेळेत आहे. पहिला दात दिसला त्या दिवसापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा तो पुसून किंवा घासून घ्यावा. आईचे दूध चालू ठेवावे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र वर्षानंतर रात्रभर दूध पीत झोपण्याची सवय हळूहळू सोडवावी. तिच्या दुधात साखर किंवा गूळ मुळीच घालू नये, आणि वर्षाच्या आत मधही चाटवू नये, त्याची कारणे दातांपलीकडची आहेत. पहिल्या वाढदिवसापर्यंत तिला एकदा दंतवैद्यांना दाखवावे. दर महिन्याला तिचाही ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी असते, आणि त्या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप लावून ती थांबवता येते, बरेचदा परतवताही येते. तपकिरी खड्डा पडल्यावर ती संधी उरत नाही.

उपचार पुरे झाल्यावर नातवाला दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी न्यावे आणि फ्लोराइडच्या लेपाविषयी डॉक्टरांना विचारावे. सहाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप वर येईल. तिला दुधाची समजून बहुतेक पालक दुर्लक्ष करतात, पण ती कायमची असते. ती दिसताच तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दंतवैद्य लावतात त्या संरक्षक थराने, बुजवून घ्याव्यात.